शिक्षेआधीची मुलाखत: आधी कागद वाचायचे की आधी माणूस भेटायचा?

रुजू_झालेली

नमस्कार मंडळी. चार महिन्यांपूर्वी मी सोलापुरात परिवीक्षा अधिकारी म्हणून रुजू झाले. लोक आम्हाला 'प्रोबेशन ऑफिसर'च म्हणतात. काम काय असतं हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, म्हणून आधी थोडं सांगते. कोर्टाने दोषी ठरवलं म्हणजे प्रत्येक वेळी तुरुंगच, असं नसतं. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ प्रमाणे कोर्ट समज देऊन (कलम ३) किंवा चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेऊन (कलम ४) सोडू शकतं. त्याआधी हा माणूस कोण, घर कसं, कामधंदा काय, याची चौकशी करून आम्ही अहवाल देतो. दोषी २१ वर्षांच्या आतला असेल आणि गुन्हा जन्मठेपेच्या शिक्षेचा नसेल, तर तुरुंगात पाठवायचं की नाही हे ठरवण्याआधी कलम ६ प्रमाणे कोर्टाला आमचा अहवाल मागवावाच लागतो.

माझ्याकडे असंच एक प्रकरण आलंय. मुलगा २० वर्षांचा, गुन्हा चोरीचा, त्याने कबूलही केलाय. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.) टेबलावर १४० पानांचं दोषारोपपत्र आहे, आणि पोलिसांकडून आलेला एक पानी 'पूर्वइतिहास'. त्यात चार नोंदी आहेत. मुलाखत शुक्रवारी.

ऑफिसातले एक ज्येष्ठ म्हणतात, सगळं वाचून, टिपणं काढूनच समोर बस. कॉलेजातल्या आमच्या बाई शिकवायच्या की कागद वाचून गेलात तर तुम्ही त्या माणसाला नाही, फाइलला भेटता. काल रात्री चार नोंदींचं ते पान वाचलं आणि खरं सांगते, तो मुलगा मनात आधीच काळा झाला. मी त्याला अजून पाहिलेलंही नाही. म्हणून विचारतेय. ज्यांनी हे काम केलंय, कोर्टात पाहिलंय किंवा घरात भोगलंय, त्यांनी मनापासून लिहा.

कडक_भाकरी

यातलं मला काही कळत नाही, पण वाचतोय. आपल्या गावात असं पद असतं हेच आज कळलं बघा.

बालगृहताई

तुझ्या बाईंचं बरोबर आहे. मी बावीस वर्षं मुलांमध्ये काम केलं. पहिल्या भेटीला मी फक्त नाव, वय, घरात कुठली भाषा बोलतात आणि पुढची तारीख, एवढंच बघून जायचे. कागद नंतर. एकदा एका पोराचे कागद आधी वाचले. 'आक्रमक, शिक्षकांवर हात उचलतो' असं लिहिलेलं होतं. दीड तास मी खुर्ची मागे सरकवून बसले होते. ते पोरगं तेवढंच मागे सरकून बसलं. नंतर कळलं, शिक्षकाने आधी त्याचा कान फुटेस्तोवर मारलं होतं. कागदात ते नव्हतं, कारण कागद शिक्षकाने लिहिला होता.

आधी भेट, मग वाच, मग पुन्हा भेट. दोन भेटी लागतात, पण माणूस हाती लागतो.

जुना_परिवीक्षा

बालगृहताईंबद्दल आदर राखून मी उलट सांगणार आहे. एकतीस वर्षं हेच काम केलं, सहा जिल्ह्यांत.

सुरुवातीच्या दिवसांत मीही 'कोऱ्या मनाने' जायचो. एका मारहाणीच्या प्रकरणात कागद न वाचता कोर्टाच्या व्हरांड्यातच मुलाखत सुरू केली. तरुण मुलगा. घरची चौकशी करावी म्हणून पहिलाच प्रश्न टाकला, "वडील काय करतात?" तो माझ्याकडे बघतच राहिला आणि रडायला लागला. ज्याला मारलं ते वडीलच होते. आईला वाचवताना मारलं होतं. एफआयआरच्या पहिल्या पानावर ते लिहिलेलं होतं. मला दहा मिनिटं लागली असती. त्या मुलाने त्यानंतर माझ्याशी धड वाक्य बोललं नाही, आणि माझा अहवाल अर्धाच गेला. आजही तो चेहरा आठवतो.

रुजू ताई, न वाचणं म्हणजे निःपक्षपाती असणं नव्हे. समोरच्याने आधीच पाच ठिकाणी सांगितलेलं त्याला सहाव्यांदा सांगायला लावू नये, जखमेवर नकळत बोट ठेवू नये, म्हणून वाचायचं. त्याने पूर्वी जिवाचं काही करून घ्यायचा प्रयत्न केलाय का, फिर्यादी त्याच्याच गल्लीत राहतो का, तो औषधावर आहे का, हे माहीत नसताना बसलीस तर नुकसान त्याचं होतं, आपलं नाही. आणि बहुतेक वेळा दुसरी भेट मिळतच नाही. तारीख पुढ्यात असते.

पण *कसं* वाचायचं हा खरा प्रश्न आहे. वहीच्या पानाला मधोमध रेघ मार. डावीकडे 'कागद म्हणतो', उजवीकडे 'विचारायचं'. डावीकडे एक ओळ लिहिली की उजवीकडे एक प्रश्न आलाच पाहिजे. सगळं पान डावीकडेच भरत गेलं तर समज की तू वाचत नाहीस, उतरवून घेतेस.

पार्क_चौक_वकील

काकांशी सहमत. वकील म्हणून भर घालतो, कारण आमच्याकडे यावर रोज भांडणं होतात.

दोषारोपपत्र ही पोलिसांची बाजू आहे. निकालपत्र असेल तर ते आधी वाचा, कारण कोर्टाने काय सिद्ध मानलं ते तिथे असतं. गुन्हा कबूल असेल तर निकाल दोन पानांचा असतो आणि उरलेल्या १४० पानांतलं काहीच तपासलं गेलेलं नसतं. साक्षीदारांचे पोलिसांपुढचे जबाब सगळे एकाच साच्यातले. शेवटी तेच वाक्य: 'वरील जबाब माझे सांगणेप्रमाणे संगणकावर टंकलिखित केला असून तो मला वाचून दाखविला, तो बरोबर आहे.' ज्याला मराठी वाचता येत नाही त्याच्याही जबाबाखाली हेच.

आरोपीने पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. मेमोरंडम पंचनाम्यातला (आरोपीने माल कुठे आहे ते सांगितल्याची पंचांसमोरची नोंद) मुद्देमाल काढून दिल्याचा तेवढा भाग चालतो. तरी मी असे अहवाल पाहिलेत ज्यात पोलिसांपुढची ती कबुली 'आरोपीने मला सांगितले' म्हणून जशीच्या तशी उतरलेली होती. असं कृपा करून करू नका. तुम्हाला तो स्वतः काय बोलला ते लिहा.

आता तुमच्या चार नोंदी. प्रत्येक नोंदीपुढे एकच विचारा: शेवट काय झाला? शिक्षा, निर्दोष, तडजोड, की अजून चालू? ई-कोर्ट्सच्या साइटवर नाव किंवा केस नंबर टाकला की बहुतेक वेळा कळतं. 'गुन्हा दाखल' आणि 'दोषी' यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

हवालदार_निवृत्त

मी पोलिसात होतो. आमच्यावर नेहमीचे शेरे पडायच्या आधी आमची बाजू सांगतो.

पूर्वइतिहासाचं पान काढणारा कर्मचारी सीसीटीएनएसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या संगणकावरच्या गुन्ह्यांच्या नोंदींत, नाव टाकतो. एका बसणीत वीस-वीस पानं काढायची असतात. नावाशी नाव जुळलं की नोंद येते. बापाचं नाव, वय, पत्ता ताडून बघायला वेळ असेल तर बघितलं जातं, नसेल तर नाही. त्यात सोलापुरात एकाच आडनावाची शंभर घरं. तेलुगू घरातलं नाव एक पोलीस एका तऱ्हेने लिहितो, दुसरा दुसऱ्या. कधी घराण्याचं नाव आधी, कधी शेवटी. मुद्दाम कोणी करत नाही.

दुसरं, 'प्रतिबंधक कारवाई' नावाची नोंद असेल तर ती गुन्हा नव्हे. तीच चॅप्टर केस, पुढे काही करू नये म्हणून आधीच बंधपत्र घ्यायची. पूर्वी दंड प्रक्रिया संहितेचं १०७, ११०. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १२६, १२९. निवडणूक आली, गणपती आले की बंदोबस्ताच्या आधी याद्या निघतात आणि गेल्या वर्षीची नावं या वर्षीही येतात. पोरगं एकदा यादीत आलं की दरवर्षी येतं. त्या कागदावर 'गुन्हेगार' असं मनात लिहू नका.

पण एक सांगतो. तो कागद रद्दी पण समजू नका. मी खरोखर धोकादायक माणसं बघितलीत, आणि त्यांच्याबद्दल खरं काय ते फक्त त्या पानावरच होतं. त्यांची बोलणी इतकी गोड की कोऱ्या मनाने गेलेला माणूस हमखास फसतो.

सूत_दुकान

सगळे आरोपीबद्दलच लिहिताहेत म्हणून लिहितो. अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ माझा छोटा व्यवसाय आहे. तीन वर्षांपूर्वी गोडाऊन फोडून सूत आणि तांब्याची वायर नेली. चाळीस हजाराचं नुकसान. त्या महिन्यात कामगारांचा हप्ता मी बायकोचे दागिने गहाण ठेवून दिला. पकडलेल्या पोराला कोर्टाने सोडलं. मला कुणी विचारलं नाही, कुणी भेटायला आलं नाही. त्याच्या घराची चौकशी झाली, माझ्या घराची कोणी करायची?

जुना_परिवीक्षा

@सूत_दुकान, तुमचा राग रास्त आहे आणि याचं उत्तर कायद्यात आहे, वापरात कमी आहे. याच अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे कोर्ट सोडताना नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतं, आणि ती भरायला मदत करणं हे परिवीक्षा अधिकाऱ्याच्या कर्तव्यात (कलम १४) लिहिलेलं आहे. चांगल्या चौकशीत फिर्यादीची भेट असतेच. तुमच्याकडे कोणी आलं नाही हे चुकलं. रुजू ताई, तुझ्या 'विचारायचं' रकान्यात फिर्यादीचंही नाव घाल.

सूत_दुकान

ठीक. पण माझे चाळीस हजार कुठे गेले ते गेलेच.

गड्डायात्रा

ताई, मुलगा कुठल्या पेठेतला आहे? पूर्व भागातला असेल तर मी ओळखत असेन, मदत करता येईल.

संपादक

@गड्डायात्रा, ओळख पटेल असे प्रश्न इथे नकोत. रुजू_झालेली, तुमच्या मूळ लेखातलं एक वाक्य काढलं आहे.

रुजू_झालेली

धन्यवाद, काढलंत ते बरं झालं. माफ करा गड्डायात्रा, चांगल्या मनाने विचारलंत हे कळतं, पण कलम ७ प्रमाणे आमचा अहवाल गोपनीय असतो. कोर्ट ठरवेल तर त्यातला आशय दोषीला सांगून त्याला बाजू मांडू देतं. बाकी कुणाला नाही.

हवालदारकाका, वकीलसाहेब, आज तुम्ही सांगितल्याप्रमाणे पान उघडून बसले. सविस्तर नंतर लिहिते.

सेटलमेंटचा_पोरगा

हवालदारकाकांनी याद्यांबद्दल लिहिलं म्हणून लिहायला बसलो, नाहीतर नुसता वाचून गेलो असतो.

माझ्या आजोबांचा जन्म सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये झाला. भोवती तारेचं कुंपण. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज कायद्याने आख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या होत्या. हजेरी द्यायची, रात्री बाहेर गेलं की शिक्षा. देश १९४७ ला सुटला, आम्ही ३१ ऑगस्ट १९५२ ला. तो दिवस आमच्याकडे विमुक्त दिन म्हणून पाळतात. मग १९५९ ला मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. आजोबा म्हणायचे, कुंपण काढलं आणि वही ठेवली.

मी बी.कॉम. आहे. पासपोर्टच्या वेळी पत्ता बघून समोरचा माणूस दोनदा माझ्या तोंडाकडे बघत होता. माझ्या चुलतभावाचं नाव एका भांडणात आलं, तिथून पुढे परिसरात काहीही झालं की त्याला बोलावणं. सहा वर्षांत त्याच्यावर एकही गुन्हा सिद्ध झाला नाही, पण त्याचा 'इतिहास' दोन पानांचा झालाय. या पानांत त्याने काय केलं ते नाही, त्याला किती वेळा उचललं ते आहे.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये एका हिस्ट्रीशीटच्या (पोलीस एखाद्या माणसावर ठेवतात त्या नोंदीच्या) प्रकरणात सगळ्या राज्यांना सांगितलं की मागास, विमुक्त समाजातल्या निरपराध लोकांची नावं अशा नोंदींत यांत्रिकपणे घालू नका. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला तुरुंगाच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला. म्हणजे मी भावनेच्या भरात बोलत नाहीये.

रुजू ताई, एवढंच सांगायचं आहे. पत्त्याच्या ओळीवर डोळे थांबले तर का थांबले ते स्वतःला विचारा. आणि वाचाच. न वाचता गेलात तर त्या पानात काय चुकीचं आहे ते तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि तेच पान साहेबांपुढे जाईल. चूक पकडायची तर आधी कागद हातात घ्यावा लागतो.

बालगृहताई

@सेटलमेंटचा_पोरगा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. शेवटच्या दोन वाक्यांना माझ्याकडे उत्तर नाही. लहान मुलांच्या बाबतीत माझं मत मात्र तेच आहे, आधी भेट. मोठ्यांच्या बाबतीत विचार करते.

मुलांवरून आठवलं. त्या चार नोंदींत एखादी तो १८ वर्षांखालचा असतानाची आहे का ते बघ गं. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे मिटलेल्या प्रकरणाची नोंद चारित्र्य दाखल्यासाठी किंवा इतर कशासाठीही पोलिसांनी उघड करायची नसते, आणि मूल नव्याने सुरुवात करतं हे त्या कायद्याचं तत्त्व आहे. अशी नोंद पानावर आली असेल तर ती अहवालात घेऊ नकोस.

पार्क_चौक_वकील

+१ आणि वयाबद्दल आणखी एक. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर सावध व्हा. आपल्याकडे कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जून आहे, कारण मास्तरांनी प्रवेशाच्या वेळी वय मोजून तीच लिहिली. जन्मदाखला वेगळा निघाला तर वर्षभर इकडे-तिकडे होऊ शकतं. कलम ६ साठी २१ च्या आत असणं हे कोर्टाने दोषी ठरवलं त्या दिवसाचं बघतात, गुन्हा घडला त्या दिवसाचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने रामजी मिसर प्रकरणात हे पूर्वीच सांगितलंय. आणि गुन्ह्याच्या दिवशी १८ च्या आत होता असं दिसलं तर सगळं प्रकरणच बाल न्याय मंडळाकडे जातं. हा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर काढता येतो.

कडक_भाकरी

माझा, भावाचा आणि आमच्या शेजाऱ्याचा, तिघांचाही वाढदिवस १ जून! दरवर्षी एकच केक आणतो.

पूर्वभाग

कडक भाकरी, आमच्या वर्गात अकरा जणांचा होता, गुरुजी पेढे एकदाच वाटायचे 🙂

रुजूताई, मुलाच्या घरी तेलुगू बोलत असतील तर एक सांगते. आमच्या घरी आई विड्या वळते, मराठी समजतं पण दुःखाचं काही बोलायचं झालं की तेलुगूच येतं. मराठीत विचारलं की "बरंय, बरंय" म्हणते. आईशी बोलायचं असेल तर तेलुगू येणारं कुणीतरी बरोबर न्या. पण शेजारीण नको! शेजारणीपुढे कुठलीच आई खरं सांगणार नाही. घरी विडी कामगारांचं ओळखपत्र, दवाखान्याचे कागद असतात, तेही दाखवायला सांगा. कोर्टाच्या कागदात आईची फक्त सही नाहीतर अंगठा असतो.

हवालदार_निवृत्त

पूर्वभागताईंचं बरोबर. अटक फॉर्ममध्ये 'व्यवसाय' या रकान्यात निम्म्या पोरांपुढे 'बेकार' लिहिलेलं असतं. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याकडे पगाराची चिठ्ठी नसते, मग विचारलं की तो म्हणतो "काय नाही साहेब". आम्ही तेच लिहितो.

जुना_परिवीक्षा

हे लई महत्त्वाचं. कलम ४ खाली सोडताना दोषी किंवा त्याचा जामीनदार, यांपैकी एकाला तरी राहायचं ठिकाण किंवा नियमित काम आहे का, हे कोर्टाला बघावं लागतं. 'बेकार' या एका शब्दावर पोरं अडकतात. तो शब्द खरा की खोटा हे शोधणं तुझं काम.

रुजू_झालेली

उशीर झाला, माफ करा. मुलाखत झाली, गृहभेट झाली. सांगता येईल तेवढं लिहिते.

तीन रात्री वाचलं. काकांच्या सांगण्याप्रमाणे रेघ मारून. चार नोंदींचं असं निघालं: एकीत बापाचं नाव वेगळं, वय एकोणतीस. तो हा नव्हेच. दुसरी प्रतिबंधक, गणपतीच्या आधीची. तिसरी म्हणजे आत्ताचाच गुन्हा, तोच पुन्हा 'पूर्वइतिहास' म्हणून मोजलेला. ही चूक मला दुसऱ्या रात्री दिसली. पहिल्या रात्री मी चार आकडा बघूनच घाबरले होते.

चौथी मात्र खरी. एकोणीसाव्या वर्षी भांडण, कोर्टात गुन्हा कबूल, पाचशे रुपये दंड.

मुलाखतीत मी विचारलं, "याआधी कधी शिक्षा झालीय का?" तो म्हणाला, "नाही मॅडम." वाचलं नसतं तर मी 'पूर्वी शिक्षा नाही' लिहून मोकळी झाले असते, आणि सरकारी वकिलांनी तो कागद काढला असता तर तो खोटारडा ठरला असता आणि मी बिनकामाची. वाचलेलं होतं, म्हणून रागवलेही नाही. दुसऱ्या शब्दांत विचारलं: "ते भांडणाचं प्रकरण झालं होतं ना, त्यात पुढे काय झालं?" तर तो पटकन म्हणाला, "ते? ते मिटलं की. पाचशे भरले, साहेब म्हणाले जा." दंड भरणं म्हणजे दोषी ठरणं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो लपवत नव्हता.

वकीलसाहेब, एक विचारते: आधीची शिक्षा असल्यामुळे कलम ३ ची समज मिळणार नाही, पण कलम ४ ला अडचण नाही, असं मी लिहिलंय. बरोबर?

पार्क_चौक_वकील

बरोबर. कलम ३ ला पूर्वी शिक्षा नसणं ही अट आहे. तिथे 'पूर्वीची शिक्षा' म्हणताना आधी याच कायद्याखाली सोडलं असेल तर तेही धरतात. कलम ४ मध्ये तशी अट नाही, तिथे प्रकरणाची परिस्थिती, गुन्ह्याचं स्वरूप आणि माणसाचं चारित्र्य बघतात. तुम्ही शिक्षा न लपवता लिहिलीत हे चांगलं केलंत. पाचशे रुपयांचा दंड अहवालात खुल्या मनाने लिहिलेला दिसला की बाकीच्या अहवालावरही विश्वास बसतो.

सूत_दुकान

फिर्यादीला भेटलात का?

रुजू_झालेली

भेटले, तुमच्यामुळेच. तुमचा प्रतिसाद वाचला नसता तर फोनवर भागवलं असतं. त्यांच्या दुकानात पाऊण तास बसले. त्यांना तुरुंग हवाच असं नाही, त्यांना त्यांचे अकरा हजार हवेत आणि पोराने पुन्हा त्या गल्लीत रात्री फिरू नये असं वाटतं. दोन्ही त्यांच्या शब्दांत लिहिलंय, आणि हप्त्याने भरपाईची शिफारस केलीय.

सूत_दुकान

बरं केलंत ताई.

जुना_परिवीक्षा

घरी काय सापडलं?

रुजू_झालेली

काका, डावीकडच्या रकान्यात 'व्यवसाय: बेकार' होतं. उजवीकडे मी लिहिलं होतं, 'मग आईच्या औषधाला पैसे कुठून?', कारण घरझडती पंचनाम्यात सहज एका ओळीत 'कपाटावर औषधांची पिशवी' असा उल्लेख होता. पोलिसांनी त्या पिशवीचं काही केलं नव्हतं, पण लिहून ठेवलं होतं.

तेलुगू येणारी आमच्याच ऑफिसातली एक सहकारी बरोबर नेली. आई तिच्याशी बोलली, माझ्याशी नाही. पोरगा दोन वर्षं एका कारखान्यात रात्रपाळीला आहे. मालक पगाराची चिठ्ठी देत नाही, पण उचलीची वही ठेवतो. त्यांना विनंती केली, त्यांनी पान उघडून दाखवलं. चोरीच्या आठ दिवस आधी त्याने सहा हजार उचल मागितली होती. पुढे 'नाही' असं लिहून रेघ मारलेली. त्यानंतर, जामिनावर सुटल्यापासून, एकही रात्र खाडा नाही.

गरज होती म्हणून चोरी माफ, असं मी लिहिलेलं नाही. त्याला काम आहे, ते आजही चालू आहे, आणि मालक त्याचा जामीनदार व्हायला तयार आहे, एवढं लिहिलं.

बालगृहताई, तुमचंही एक ऐकलं. आत जाताना फाइल पिशवीत ठेवली. टेबलावर नुसती वही. तो खुर्ची ओढून जवळ बसला.

बालगृहताई

वाचून डोळ्यांत पाणी आलं गं.

हवालदार_निवृत्त

ती चुकीची नोंद मात्र पोलिसांना लेखी कळवा, बापाचं नाव आणि वय लिहून. नाहीतर पुढच्या अधिकाऱ्यापुढे तेच पान पुन्हा जाईल.

रुजू_झालेली

कळवलं काका, पोचही घेतली. तारीख १८ ला आहे. उचलीच्या वहीतल्या त्या पानाची छायाप्रत मालकांच्या सहीसह अहवालाला जोडलीय.